ठाणे-जुईनगर लोकलमध्ये खेळायला गेम सुचवा (जाहिरातींचा ताप नको)

मुक्ता_कळवा

नमस्कार मंडळी. कळव्याहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बरने जुईनगर, असा रोजचा प्रवास. सकाळी बायकांच्या डब्यात कधीमधी बसायला मिळतं, संध्याकाळी नावच नको. इतके दिवस रील्स बघत होते, आता वीट आलाय. डोक्याला थोडं खाद्य देणारा गेम हवाय. पण जो उतरवावा तो दोन मिनिटं खेळू देतो आणि मग कुठल्यातरी भलत्याच गेमची जाहिरात दाखवत बसतो. वर ती बंद करायची फुली मुंगीएवढी.

फोन जुना, ६४ जीबीचा, जागा जेमतेम. एकदाच पैसे भरून मोकळं होता येत असेल तर भरीन, पण दर आठवड्याला हिरे आणि नाणी विकत घेणार नाही.

जाता जाता आणखी दोन: मुलगा आठवीत आहे, त्याला गोळीबाराशिवाय काहीतरी लावून द्यायचंय. आणि सासूबाईंना लूडो हवाय, शेजारच्या काकूंकडे पाहिलाय त्यांनी. वेगवेगळे धागे काढत नाही, इथेच विचारते.

फलाट_दहा

एम-इंडिकेटर, ते लोकलचं वेळापत्रक दाखवणारं अ‍ॅप. पुढची गाडी पनवेल की वाशी, हा जुगार आपण रोज खेळतोच की, आणखी कुठला गेम हवा?

थट्टा सोडा. रेल्वेने १ जुलै २०२५ ला रेलवन हे अ‍ॅप आणलंय. अनारक्षित तिकीट, फलाट तिकीट, आरक्षण सगळं त्यात. गेम नाही, पण खिडकीवरची रांग वाचते. बाकी मी गाडीत झोपतो, त्यामुळे इतर सल्ला नाही.

काउंटरवाला

मुक्ताताई, ठाणे स्टेशनजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले बदलणे, चार्जिंग जॅक, फुगलेल्या बॅटऱ्या, ग्लास मारणे हे रोजचंच. दिवसभर लोकांचे फोन हातात असतात, त्यामुळे कोणता गेम फोनचं काय करतो ते बऱ्यापैकी कळतं. मागचं झाकण तापलेलं लागलं की मी आधी बॅटरीचा तक्ता उघडतो. निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं.

माझी कसोटी एकच. गेम उतरवला की विमान मोड लावायचा आणि मगच तो उघडायचा. नेट नाही म्हणून रुसून बसला, तर तिथल्या तिथे काढून टाकायचा. एकट्याने सोडवायच्या कोड्याला नेट कशाला हवं? जाहिरात आणायला हवं, 'आज आला नाहीत तर बक्षीस जाईल' म्हणायला हवं, तुम्ही किती वेळ कुठे अडकलात ते कळवायला हवं. कोडं तर फोनमध्येच आहे. जो गेम नेटशिवाय नीट चालतो, तो बहुतेक वेळा तुमच्या वेळेचाही मान राखतो.

या कसोटीवर माझा पहिला नंबर 'सायमन टॅथम्स पझल्स'. सायमन टॅथम म्हणजे पुटी (लांबच्या संगणकाला जोडून घ्यायचं सॉफ्टवेअर) बनवणारा इंग्लंडचा प्रोग्रॅमर, तुमच्या ऑफिसातल्या आयटीवाल्याला नाव माहीत असेल. यात चाळीसच्या आसपास कोडी आहेत, सगळी फुकट, जाहिरात नाही, खाते उघडा नाही, आकार अगदी किरकोळ. दिसायला मात्र रुक्ष. चकचकीतपणाची सवय असेल तर उघडल्यावर नाक मुरडाल, पण एक आठवडा द्या.

त्यातलं 'लूपी' घ्या. चौकटींची जाळी असते, काही चौकटींत ० ते ३ आकडे. चौकटीच्या चार बाजूंपैकी किती बाजूंवर रेघ येणार ते आकडा सांगतो, आणि सगळ्या रेघा मिळून एकच बंद वळसा झाला पाहिजे, कुठे फाटा नाही, कुठे तुटलेलं टोक नाही. बाजूवर बोट टेकवलं की रेघ, दाबून धरलं की 'इथे रेघ नाही' अशी खूण. सुरुवातीला अंदाजाने रेघा मारत सुटाल आणि अडकाल. मग एक दिवस लक्षात येईल की शेजारीशेजारी दोन ३ असले की त्यांच्या मधली रेघ आणि दोन्हींच्या पलीकडच्या बाहेरच्या रेघा, या तिन्ही नक्की. डोळे मिटून मारायच्या. कोपऱ्यात ३ असेल तर कोपऱ्याच्या दोन्ही रेघा नक्की. कोपऱ्यात ० असेल तर तिथून वळसा जातच नाही, आणि शेजारच्या चौकटींचं अर्धं काम झालं. या युक्त्या गेम स्वतः सांगत नाही, आपल्या आपण सापडतात, तीच मजा. सातावर सात चौकटींचं सोपं कोडं ऐरोली ते कोपरखैरणे आरामात होतं. एका हाताने कडी धरून खेळता येतं, बोटाची फार कसरत नाही. स्टेशन आलं तर तसाच बंद करा, परत उघडल्यावर कोडं जिथल्या तिथे असतं.

पैसे भरून घ्यायचा असेल तर 'मिनी मेट्रो'. न्यूझीलंडच्या डायनासोर पोलो क्लबचा, मोबाईलवर २०१६ पासून. गोल, चौकोनी, त्रिकोणी स्टेशनं उगवत जातात आणि तुम्ही बोटाने रेघ ओढून त्यांना मार्गिकांनी जोडायचं. प्रवासीही त्याच आकारांचे. चौकोनी प्रवाशाला कुठलंही चौकोनी स्टेशन चालतं, त्यामुळे एकाच मार्गिकेवर वेगवेगळे आकार आले पाहिजेत, सलग चार गोल ठेवलेत तर मेलात. एखाद्या स्टेशनावर गर्दी फार वेळ साचली की डाव संपला. दर आठवड्याला नवीन इंजिन मिळतं आणि वर डबा, बोगदा किंवा नवी मार्गिका यांतलं काहीतरी निवडायचं असतं. नवखे लोक नवी मार्गिका घेतात. माझ्या मते आधी डबा घ्यावा. यात मुंबईचाही नकाशा आहे. तो लगेच उघडत नाही, आधीची शहरं खेळावी लागतात. नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जे सोसतो तेच वर पैसे देऊन खेळायचं, हे माझ्या बायकोला अजून पटलेलं नाही.

'मॉन्युमेंट व्हॅली' (२०१४) सुंदर आहे, पण छोटा, दोन रविवारांत संपतो. 'आल्टोज ॲडव्हेंचर' निवांत आहे, बर्फावरून घसरत जायचं आणि पळालेले लामा पकडायचे. आवडला तर आवडला.

मुलासाठी लीचेस. बुद्धिबळ, पूर्ण फुकट, देणग्यांवर चालतं. तिबो दुप्लेसी या फ्रेंच माणसाने २०१० मध्ये सुरू केलं. स्टॉकफिश नावाचं इंजिन, म्हणजे चाली शोधणारा प्रोग्रॅम, फोनमध्येच चालतं, म्हणजे नेट बंद ठेवूनही संगणकाशी डाव होतो, आणि थोडी कोडी आधीच उतरवून ठेवलेली असतात. डिसेंबर २०२४ ला गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला, जुलै २०२५ ला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. त्यानंतर शाळकरी पोरांच्या फोनवर लीचेस बरंच दिसायला लागलंय. फक्त त्याला आधी तासाचे डाव खेळायला लावू नका. दहा मिनिटांचा डाव आणि रोज थोडी कोडी, एवढ्यावर ठेवा, नाहीतर कंटाळून परत गोळीबाराकडे जाईल.

सासूबाईंसाठी लूडो किंग. हा आपल्या नवी मुंबईतच बनलाय, २०१६ ला आला. जाहिराती आहेत, पण नेट बंद करून संगणकाशी किंवा एकच फोन हातोहात फिरवत खेळता येतो. 'पैसे लावा, जिंका' छापाच्या लूडोपासून मात्र त्यांना लांब ठेवा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झालेत, तरी व्हॉट्सअ‍ॅपवरून कुठली तरी लिंक येते आणि लोक भलतीच फाइल इन्स्टॉल करून दुकानात येतात. प्ले स्टोअरच्या बाहेरून काहीही उतरवायचं नाही, एवढं एकच त्यांना बजावा.

तन्मय_घणसोली

काका, सगळं बरोबर, पण विमान मोडची कसोटी जरा म्हाताऱ्यांची वाटते. मित्रांबरोबर खेळायचं असेल तर नेट लागणारच ना? आम्ही चौघं रात्री बीजीएमआय खेळतो, तो गोळीबाराचा ऑनलाइन गेम. एक पुण्याला, एक हैदराबादला, कॉलेज संपल्यावर तेवढंच बोलणं होतं. मुक्ताताई, मुलाचे मित्र त्यात असतील तर तो लीचेसवर एकटा बसणार नाही, आधीच सांगतो.

नेरूळची_पाणथळ

गेम नाही, तरी सांगते. जुईनगरच्या पुढे दोन पावलं आमचं नेरूळ. मर्लिन उतरवा, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं, फुकट आणि जाहिरातीशिवाय. भारताचा संच वायफायवर आधीच उतरवून घ्यायचा, मग नेट नसलं तरी चालतं. आवाज ऐकवला की पक्ष्याचं नाव सांगतं. सोसायटीच्या आवारात सकाळी तांबट, दयाळ, कोकीळ हमखास. बोलणाऱ्या माणसांच्या गोंगाटात मात्र ते गोंधळतं, त्यामुळे लोकलच्या डब्यात उघडू नका.

हिवाळ्यापासून मेपर्यंत टी.एस. चाणक्य या जहाजावरच्या प्रशिक्षणाच्या संस्थेच्या मागे रोहित (फ्लेमिंगो) बघायला मुलाला घेऊन या. ठाणे खाडीचं अभयारण्य २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. लांबून सगळे सारखेच गुलाबी दिसतात. मोठा रोहित आणि छोटा रोहित यांत फरक चोचीचा, मोठ्याची फिकट आणि टोक काळं, छोट्याची सबंध गडद. मर्लिनमध्ये दोघांचे फोटो बघता येतात. पोरांना हे गेमपेक्षा जास्त आवडतं असा माझा अनुभव आहे, पण उन्हात टोपी घाला.

मुक्ता_कळवा

सगळ्यांचे आभार! लूपी उतरवलं. पहिल्याच दिवशी रबाळ्याला मान वर केली तेव्हा गाडी तिथे कधी आली कळलंच नाही. शेजारच्या मुलीने नाव विचारून घेतलं.

दोन शंका. फोनवर नुसतं घरचं पान उघडलं तरी मधूनच पूर्ण पडद्याची जाहिरात येते, कुठला गेम चालू नसतानाही. हे कशाने? आणि जागा कशी करू? व्हॉट्सअ‍ॅपने खाल्लीय सगळी.

काउंटरवाला

आधी तन्मयला. बाबा, तुझं खरं आहे, मित्रांशी बोलणं हा वेगळाच विषय, त्याला कसोटी लावू नकोस. पण तुझा फोन ऐपतीचा असणार. ताईंच्या फोनवर तो गेम टाकला तर अर्ध्या जागेचा घास, आणि उरलेली बॅटरी घरी पोचायच्या आत संपणार. मुलाच्या हातात वेगळा फोन असेल तर वेळ ठरवून खेळू द्या, मी अडवणारा कोण. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायचं तेवढं चालू करा. गेममधली बंदूक पोराने घेतली आणि बापाला बँकेच्या मेसेजमधून कळलं, असे लोक माझ्या काउंटरवर येऊन तावातावाने भांडून गेलेत, जणू बंदूक मीच विकली.

आता जाहिरात. ही गेमची नसते, कुठल्यातरी फुकट्या अ‍ॅपची असते. बहुतेकदा टॉर्च, क्यूआर स्कॅनर, 'क्लीनर', 'बूस्टर', 'बॅटरी डॉक्टर' असल्या नावाचं काहीतरी. सेटिंगमध्ये 'इतर अ‍ॅपच्या वर दिसण्याची परवानगी' शोधा. तिथे यादी येईल. ओळखीची सोडून जे दिसेल त्याची परवानगी काढा, आणि आठवत नसेल ते अ‍ॅपच काढा. टॉर्च फोनमध्येच असतो, स्कॅनर कॅमेऱ्यातच असतो. क्लीनर फोन साफ करत नाही, तो स्वतःच घाण आहे. दुकानात 'फोन स्लो झालाय, फॉरमॅट मारा' म्हणून आलेल्या कितीतरी जणांचे फोन मी फॉरमॅट न मारता नुसते हे काढून परत दिलेत. पैसे थोडे कमी मिळतात, पण गिऱ्हाईक परत येतं.

जागेसाठी व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजच्या भागात जा. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि पुन्हा पुन्हा पुढे ढकललेल्या फाइल तिथे वेगळ्या काढलेल्या दिसतात. सुप्रभात आणि गणपतीचे व्हिडिओ तिथेच सापडतील. आधी मुलाचे शाळेचे फोटो बाहेर काढून ठेवा, मग निवडून पुसा. त्याशिवाय ग्रुपमधले फोटो आपोआप उतरणं बंद करा, नाहीतर महिन्यात परत तिथेच.

मिनी मेट्रो घेतला आणि नाहीच आवडला तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरवरून पैसे परत मागता येतात. म्हणून शुक्रवारी रात्री घ्या, शनिवारी-रविवारी भरपूर खेळा.

नेरूळची_पाणथळ

लूपी आयफोनवर आहे का हो? माझ्याकडे आयफोन आहे.

काउंटरवाला

आहे. सायमन टॅथमच्या नावाने शोधा, तिथेही फुकटच.