मदत हवी आहे: मुलगा सहावीत, पण धड वाचता येत नाही (पहिली-दुसरी फोनवर गेली)

नमस्कार मंडळी, आम्ही धनकवडीत राहतो, मुलगा मनपाच्या मराठी शाळेत सहावीला आहे. जून २०२० ला त्याचं पहिलीत नाव घातलं, तेव्हा कोरोनामुळे शाळेला मार्चपासून कुलूप. घरात फोन एकच, तो ह्याच्या बाबांकडे, ते मार्केट यार्डात टेम्पोवर. फोन घरी यायचा संध्याकाळी, तोवर बाईंनी सकाळी टाकलेला अभ्यास ग्रुपवर ढीगभर मेसेजच्या खाली गेलेला असायचा. सह्याद्रीवर टिलीमिली हा शाळेच्या अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा तो मात्र आम्ही चुकवला नाही, पण टीव्हीवर वही कोण तपासणार. दुसरीही तशीच, डिसेंबर २०२१ ला शाळा उघडली आणि जानेवारीत परत बंद. तिसरीत गेला तेव्हा मुलांना जोडाक्षरं येतात असं धरूनच पुढचं शिकवायला घेतलेलं.

गेल्या महिन्यात म्हटलं कविता वाचून दाखव, तर चालीत खडाखडा म्हणाला, ओळीखालून बोट फिरवत. मी शेजारीच बसले होते म्हणून दिसलं की बोट भलत्याच ओळीवर आहे. मग न झालेला धडा काढून दिला, 'विद्यार्थी' शब्दाला अडला, 'वि' म्हणाला, चित्राकडे बघितलं आणि म्हणाला 'मुलगा'. माझ्या पोटात कालवलं. इतकी वर्षं पोरगं कानाने पाठ करून पुढे जात होतं आणि आम्हाला पत्ता नाही.

बाईंना भेटले, त्या मनापासून बोलल्या, वर्गात असे अजून आहेत म्हणाल्या, पण पोर्शन तर पुढे न्यावाच लागतो. 'असर' (ASER, मुलांना किती वाचता येतं ते घरोघरी तपासणारं सर्वेक्षण) मध्ये वाचलं की दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं देशात २०१८ ला २७.३ टक्के होती ती २०२२ ला २०.५ वर आली, ते ग्रामीण भागाचं आहे पण आमच्या गल्लीत वेगळं काही नाही. आणि आता पावसाचा रेड अलर्ट आला की शाळेला सुट्टी, अभ्यास परत ग्रुपवर. ऑनलाईनला माझा विरोध नाही, पण ज्याला वाचता येतं त्यालाच त्याचा उपयोग, पहिली-दुसरी तरी समोर बसूनच झाली पाहिजे असं मला आता ठाम वाटतं.

विचारायचं हे की घरी सुरुवात कुठून करू? बारा वर्षांच्या पोराला बाराखडी दिली तर त्याला लाज वाटेल का? ॲपवाले घरी येऊन गेले, टॅबसकट हप्त्यावर देतो म्हणतात, घ्यावं का? आणि शाळेकडे वेगळा वेळ मागता येतो का?

प्रतिसाद १ (निवृत्त शिक्षिका, कोथरूड)
ताई, टॅब घेऊ नका. आधी बघा तो नेमका कुठे अडतो, अक्षराला, शब्दाला, वाक्याला की गोष्टीला, आणि तिथूनच धरा, इयत्ता विसरा. ई-बालभारतीवर पहिली-दुसरीची पुस्तकं फुकट आहेत, स्टोरीविव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत. रोज वीस मिनिटं, मोठ्याने, चुकला तर लगेच शब्द सांगू नका, जरा थांबा. घरात धाकटं कुणी असेल तर त्याला वाचून दाखवायला सांगा, म्हणजे पहिलीचं पुस्तक हातात धरायला लाज वाटत नाही.

प्रतिसाद २
शाळेत हक्काने मागा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २४ बघा, प्रत्येक मुलाची पातळी तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचं काम म्हणूनच लिहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तिथे एकट्याचं नको, अशा सगळ्या मुलांचं मिळून लेखी द्या.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे. धाकटी पहिलीलाच आहे, काल जेवणं झाल्यावर तिला मांडीवर घेऊन तिचं पुस्तक त्याने वाचलं, चार पानं, काना-मात्रा-वेलांटी सगळं बरोबर. तिने मधेच पान उलटलं तर रागावला सुद्धा. चार आया तयार झाल्यात, सोमवारी अर्ज देतोय. फक्त जोडाक्षरात र आला की गाडी अडते, 'सूर्य'ला 'सूय' म्हणतो आणि 'चक्र'ला 'चर्क'. रफार आणि पायातला र वेगळा कसा समजवायचा, सोपी रीत आहे का कुणाकडे?