'हार्ट फेल', 'दाब' आणि 'सलाईन': व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं उजवं हृदय मराठीत कसं सांगायचं?

भाषांतरकार, दादर
आयसीयूबाहेर नातेवाइकांना द्यायच्या माहितीपत्रकात 'राइट हार्ट फेल्युअर' आहे. पेशंट व्हेंटिलेटरवर. 'उजवे हृदय निकामी होणे' चालेल का? आणि 'राइट व्हेंट्रिकल'ला, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याला, 'उजवी जवनिका' लिहू की 'उजवा निलय'?

अतिदक्षता डॉक्टर, परळ
'निकामी' नको, 'हार्ट फेल' तर मुळीच नको. आपल्याकडे 'त्यांचं हार्ट फेल झालं' याचा अर्थ माणूस गेला. आत पेशंट जिवंत आणि हातात हा कागद!

'उजवा कप्पा कमी पडतोय' असं लिहा. वॉर्डात 'थकलाय' म्हणतात, पण तो शब्द फसवा आहे. थकलेल्याला विश्रांती दिली की भागतं. इथे दुखणं बहुतेक वेळा कप्प्याच्या पुढे, फुप्फुसात असतं. उजव्या कप्प्याची भिंत जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर. फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब एरवी १४ मिमी पाऱ्याच्या आसपास असतो, २० च्या वर तो वाढलेला धरतात. सवय नसलेल्या कप्प्यावर अचानक ४० चा भार आला तर तो फुगतो, मधला पडदा डावीकडे सरकतो, डाव्या कप्प्यात रक्त भरायला जागा उरत नाही आणि बीपी कोसळतं. म्हणून वाक्यात 'ओझं' हा शब्द हवाच.

जवनिका म्हणजे नाटकाचा पडदासुद्धा. कागदावर 'जवनिका पडली' असं काही होऊ नये, म्हणून साधं 'कप्पा' बरं.

सिस्टर, आयसीयू, शीव
खरा घोळ 'दाब' शब्दाचा आहे. डॉक्टर मशीनबद्दल 'दाब कमी करतोय' म्हणतात आणि नातेवाईक विचारतात, 'अहो सिस्टर, बीपी आधीच लो आहे ना, मग अजून कमी का करताय?' नुसतं 'दाब' लिहू नका. 'बीपी', 'मानेच्या मोठ्या शिरेतला दाब', 'मशीनचा दाब', 'श्वासाअखेर राखलेला दाब' असं प्रत्येक वेळी पूर्ण लिहा. शेवटच्याला आम्ही 'पीप' म्हणतो.

अतिदक्षता डॉक्टर, परळ
सिस्टरांचं बरोबर आहे, कारण या दाबांची ओढ उलटसुलट असते. मशीन हवा ढकलतं तेव्हा छातीतला दाब वाढतो आणि उजवीकडे परतणारं रक्त घटतं. शिवाय फुगलेल्या वायुकोशांखाली बारीक रक्तवाहिन्या चेपतात. पीप फार कमी ठेवला तर फुप्फुस मिटतं, ऑक्सिजन घसरतो, वाहिन्या आकसतात आणि ओझं तेव्हाही वाढतं. फुप्फुस ना मिटलेलं ना ताणलेलं, अशा मधल्या जागी रक्ताला होणारा विरोध सगळ्यात कमी. तेव्हा 'पीप वाईट' असा सूर पत्रकात येऊ देऊ नका.

आकडे डॉक्टरांच्या प्रतीत टाका: श्वास उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे ६ मिली, प्लॅटो (श्वास भरून क्षणभर थांबवल्यावरचा मशीनचा दाब) २७ सेंमी पाण्याच्या आत, प्लॅटोतून पीप वजा करून उरणारा दाब १८ च्या आत, रक्तातला कर्बवायू ४८ मिमीच्या खाली. फुप्फुस जपताना थोडा जास्त कर्बवायू चालवून घेतात, उजव्या कप्प्याला मात्र तो सोसत नाही. श्वासाचा वेग वाढवून तो उतरवायला गेलं की श्वास पुरता बाहेर पडत नाही, हवा आत साठते आणि छातीतला दाब पुन्हा चढतो. ऑक्सिजनचं गुणोत्तर (रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब भागिले श्वासातल्या हवेतला ऑक्सिजनचा अंश) १५० च्या खाली असेल तर पालथं झोपवणं, एका वेळी किमान १६ तास. (मुंबई समुद्रसपाटीला, त्यामुळे या गुणोत्तरात उंचीची दुरुस्ती लागत नाही. पत्रक लेहला जाणार असेल तर लागेल.)

भाषांतरकार, दादर
'फ्लुइड रिस्ट्रिक्शन'साठी 'सलाईन बंद' असं लिहिलं आहे.

सिस्टर, आयसीयू, शीव
अहो, नका! सलाईन चढवणं म्हणजेच उपचार अशी लोकांची समजूत. बंद म्हटलं की 'आशा सोडली' असं ऐकू जातं. 'जादा पाणी काढून टाकायचा उपचार' लिहा.

अतिदक्षता डॉक्टर, परळ
नवखे डॉक्टरही इथेच चुकतात. लघवी कमी झाली की बाटली लावतात. सरासरी बीपी ६५ आणि शिरेतला दाब २० असेल तर मूत्रपिंडाला उरले ४५. आणखी पाणी भरलं की तेही घटतात. शंका असेल तर २५० मिली देऊन बघावं. शिरेतला दाब चढला आणि बीपी हललं नाही, तर तिथेच थांबून फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध.

फार्मासिस्ट, अंधेरी
'बीपीचं औषध' हाही सापळा. घरी बीपीची गोळी म्हणजे बीपी उतरवणारी. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनला 'बीपी टिकवणारं औषध' म्हणा. ते आधी, कारण उजव्या कप्प्याच्या स्नायूलाही रक्त त्याच दाबाने मिळतं. भागलं नाही तर व्हॅसोप्रेसिन मिनिटाला ०.०३ युनिट. डोब्युटामाइन किंवा मिलरिनोन म्हणजे 'आकुंचनाला जोर देणारं औषध'. मिलरिनोन बीपी पाडतं, आणि मूत्रपिंड मंद असेल तर अंगात साचतं, तेव्हा डोस कमी लागतो.

आणि कृपा करून नायट्रिक ऑक्साइडचं 'हसवणारा वायू' करू नका. तो नायट्रस, भूल देणारा. नायट्रिक फुप्फुसाच्या वाहिन्या सैल करतो, तेही जिथे हवा पोचते तिथेच. मात्रा दहा लाखांत ५ ते २० भाग. मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून न नेणारं बदललेलं हिमोग्लोबिन) तपासत राहायचं. एकदम तोडला तर फुप्फुसातला दाब उसळतो, म्हणून 'बंद केला' नव्हे, 'हळूहळू उतरवला'.

भाषांतरकार, दादर
मग असं करतो: 'तुमच्या रुग्णाच्या हृदयाचा उजवा कप्पा सध्या कमी पडत आहे. हृदयावरचं ओझं उतरवण्यासाठी मशीनचा दाब बेताचा ठेवला आहे, अंगातलं जादा पाणी काढत आहोत आणि बीपी टिकवणारं औषध सुरू आहे.'

सिस्टर, आयसीयू, शीव
छान. फक्त 'हृदयावरचं ओझं' वाचून लोक 'टेन्शन' समजतील. 'उजव्या कप्प्याला फुप्फुसात रक्त ढकलणं सोपं जावं म्हणून' असं करा.