अनुदानाची यादी ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारली. अपिलात काय लिहू?

प्रश्न (ठिबकवाला): आमच्या गावात ठिबक सिंचनाचं अनुदान कुणाला आणि किती मिळालं, याची यादी माहिती अधिकारात मागितली. उत्तर आलं: कलम ८(१)(ञ), वैयक्तिक माहिती, देता येत नाही. पूर्वी अपिलात मी हमखास लिहायचो की जी माहिती संसदेला किंवा विधानमंडळाला नाकारता येत नाही ती मलाही नाकारता येत नाही. ते अजून चालतं का?

निवृत्त कक्ष अधिकारी: नाही चालत. ते परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेलं ते वाक्य, आता माहिती अधिकार कायद्यातच नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) ने ते काढलं आणि नोव्हेंबर २०२५ पासून बदल लागू झाला. मला सर्वांत जास्त खुपतं ते हे की आमदार-खासदारांना जे कळू शकतं ते सामान्य माणसालाही कळावं, हा नियम संसदेनेच पुसला. तोही किती घाईत! विधेयक ३ ऑगस्टला लोकसभेत मांडलं, ९ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर. स्थायी समितीकडे गेलंच नाही. माहिती अधिकाराचं मूळ विधेयक मात्र २००५ मध्ये समितीने तपासलं होतं.

तुमचं अपील तरीही भक्कम आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ख)(बारा) लावा. अनुदान योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने कुणी न मागताच प्रसिद्ध करायचा असतो. सोबत ८(२) लिहा, ते शाबूत आहे: व्यापक जनहित मोठं असेल तर न देण्याची सूट असलेली माहितीही देता येते. यादीत बोगस नावं असल्याचा संशय असेल तर तो गट नंबरासह मांडा, नुसतं ‘जनहितार्थ’ लिहून भागत नाही. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करा.

बांधावरून: आमदारांना भेटून तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न) लावायला सांगा. उत्तर सभागृहाच्या कामकाजात येतं.

निवृत्त कक्ष अधिकारी: जरूर सांगा, आणि आणखी एक मागा. कलम २५ प्रमाणे माहिती आयोगाचा वार्षिक अहवाल विधानमंडळापुढे ठेवायचा असतो. कोणत्या कलमाखाली किती वेळा नकार दिला, हे त्यात असावं लागतं. त्यातला ८(१)(ञ) चा आकडा बदलानंतर किती वाढला, हे आमदारांनी सभागृहात विचारलंच पाहिजे.

ठिबकवाला: गट नंबर जमवतो. अपील या आठवड्यातच टाकतो.