शब्दचर्चा: ‘हाउस रूल’ आणि पात्र ‘घडवणे’ की ‘काढणे’?

प्रश्न
जुन्या पद्धतीच्या फँटसी रोलप्लेइंग खेळासाठी (काल्पनिक जगातलं एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ) आमच्या गटाचं नियमपत्रक मराठीत लिहितोय. पात्रनिर्मितीच्या पानावर अडलोय. ‘हाउस रूल’ला, म्हणजे पुस्तक सोडून गटाने स्वतः ठरवलेल्या नियमाला, ‘घरचे नियम’ म्हटलं की कुटुंबातली शिस्त डोळ्यांपुढे येते. दुसरं म्हणजे ‘कॅरेक्टर रोल करणे’साठी, म्हणजे फासे टाकून पात्राचे गुण ठरवण्यासाठी, ‘पात्र घडवणे’ चालेल का? आणि री-रोलला, म्हणजे फासे पुन्हा टाकण्याला, काय म्हणायचं?

उत्तर
आधी क्रियापद घेऊ, कारण बाकीचं त्यावर ठरतं. ‘घडवणे’ म्हटलं की घडवणाऱ्याची इच्छा आली, आराखडा आला. आकडे गुणांवर हवे तसे वाटून द्यायच्या नव्या खेळांना हा शब्द शोभतो. जुन्या खेळाची रीत वेगळी. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला. त्यात बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप अशा सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे टाकायचे होते, आणि तेही खेळ चालवणाऱ्या पंचाने. खेळाडूच्या हाती आयते आकडे यायचे. ते पाहून त्याने ठरवायचं की हा लढवय्या, जादूगार की धर्मगुरू. इथे माणूस आधी भेटतो आणि त्याचा पेशा मागून सुचतो. म्हणून मी ‘पात्र काढणे’ म्हणेन. चिठ्ठी काढतात तसं. फाशांपुरतं ‘दान टाकणे’ आणि ‘दान पडणे’ आपल्याकडे आहेतच, त्यांना हात लावायची गरज नाही.

पुस्ती
‘काढणे’ पटलं. पण मग ‘ओळीने’ हा शब्द पत्रकात ठळक हवा. ‘३डी६’ म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे. ‘३डी६ ओळीने’ म्हणजे पहिलं दान बळाला, दुसरं बुद्धीला, पुढेही त्याच क्रमाने, अदलाबदल नाही. ‘३डी६ मांडून’ म्हणजे सहा दानं पडल्यावर ती हवी तिथे लावायची. फासे तेच, पण खेळ दोन निराळे. सरासरी साडेदहा दोन्हीकडे तीच राहते, पण मांडून घेतलेल्या पात्राची बुद्धी सहसा जादूगाराच्याच वाट्याला येते आणि हुशार लढवय्या दिसेनासा होतो. मला तो हुशार लढवय्या फार प्रिय आहे.

उत्तर
आता ‘हाउस रूल’. इथे तीन मराठी शब्दांची सरमिसळ होते: निवाडा, पायंडा, नियम. खेळ चालू असताना पुस्तकात नसलेला प्रसंग आला की पंच देतो तो निवाडा. तोच निवाडा पुन्हापुन्हा दिला गेला की पायंडा पडतो. जुन्या पद्धतीच्या खेळात बरेचसे हाउस रूल असे पायंड्यातूनच जन्मतात, त्यामुळे काही जण सरसकट ‘पायंडे’ म्हणतात. पात्रनिर्मितीला मात्र तो शब्द लागू होत नाही. पायंडा पडायला आधी प्रसंग घडावा लागतो, आणि इथे तर पहिला प्रसंगही घडलेला नाही. एकाला चार फासे आणि दुसऱ्याला तीन, असं नंतर कळलं तर कुणीही दुखावेल. म्हणून हे आधी जाहीर केलेले नियमच हवेत. ‘गटनियम’ म्हणा, कुणाचे ते त्या शब्दातच आलं.

पुस्ती
‘गटनियम’ चांगला आहे, पण त्यात पुस्तकापासून फारकत घेतल्याचा अर्थ येत नाही, आणि ‘हाउस रूल’चा गाभा तोच आहे. चार फासे टाकून सर्वांत लहान वगळायचा, या नियमाला सगळे हाउस रूल म्हणतात. पण १९७९च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये ती छापील पहिली पद्धत आहे! शिवाय आणखी तीन: बारा दानांतली उत्तम सहा ठेवणे, प्रत्येक गुणासाठी सहा दानं टाकून मोठं घेणे, आणि बारा पात्रं काढून एक निवडणे. म्हणजे हे पुस्तक ज्या आवृत्तीचं ती ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खेळणाऱ्या गटात हा पुस्तकातलाच नियम. त्याच खेळाचा १९८१चा ‘बेसिक’ संच खेळणाऱ्यांकडे मात्र तो गटनियम, कारण तिथे ३डी६ ओळीनेच आहे. पत्रकाच्या माथ्यावर ‘मूळ पुस्तक अमुक, खाली फक्त फरक’ अशी ओळ टाकली की ‘गटनियम’ अचूक बसेल.

अशा फरकाचं वजन किती असतं तेही पाहा. तीन फाशांत अठरा पडायची शक्यता २१६ मध्ये एक. चारांतून लहान वगळला तर सुमारे ६२ मध्ये एक, आणि सरासरी जवळपास सव्वाबारा. १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधल्या पॅलाडिनला, म्हणजे धर्मयोद्ध्याच्या पेशाला, छाप किमान १७, शहाणपण १३, बळ १२, बुद्धी आणि काटकपणा ९ लागतात. ३डी६ ओळीने काढलं तर हे सगळं जुळायची शक्यता हजारात एकाच्या आसपास. पात्र पॅलाडिनपदाला ‘पात्र’ ठरणं ही त्या खेळात खरोखर दुर्मीळ गोष्ट होती, आणि ढिल्या नियमांनी ती दुर्मीळता जाते.

उत्तर
री-रोलला ‘फेरदान’. फेरमतदान, फेरतपासणी यांच्या वळणाचा शब्द आहे, ऐकताच कळतो. पण फेरदान हक्काने मिळतं की पंचाच्या मर्जीने, हेही शब्दानेच सांगा. मर्जीने असेल तर ‘मुभा’ लिहा, नेहमीचंच असेल तर ‘सवलत’. १९८१च्या पुस्तकात फारच दुबळं पात्र टाकून नवं काढू द्यायचं की नाही हे पंचावर सोडलंय. ती मुभा. त्याच पुस्तकात पेशाचा मुख्य गुण एकाने वाढवण्यासाठी दुसरा दोनाने उतरवता येतो. त्याला आम्ही ‘दोन मोडून एक’ म्हणतो. बोलण्यात रुळलंय, सुचवायला हरकत नाही.

हिट पॉइंटला, म्हणजे पात्र किती मार सोसेल त्या आकड्याला, ‘प्राण’ पुरे. ‘प्राणांक’ जड वाटतो.

प्रश्नकर्ता
मसुदा असा झालाय: “मूळ पुस्तक १९८१चा बेसिक संच. खाली फक्त गटनियम. गुण ३डी६ ओळीने. सहाही दानं पडल्यावर कोणत्याही दोन गुणांची एकदा अदलाबदल, ही सवलत सर्वांना. एकही गुण नऊच्या वर नसेल तर पूर्ण फेरदान, ही पंचाची मुभा. पहिल्या पातळीला प्राणांसाठी फासा टाकायचा नाही. लढवय्याला आठ, जादूगाराला चार.”

पुस्ती
शेवटच्या ओळीत धर्मगुरू राहिला. त्याला सहा लिहा. आणि अदलाबदल आधी की ‘दोन मोडून एक’ आधी, तेही लिहून टाका. त्यावरून वाद हमखास होतो.