मदत हवी आहे: रनवे बंद की सुरू? नोटॅम, वेबपान आणि फोन, तिघांची तोंडं तीन दिशांना

मंडळी, शनिवारी माझी सोलो क्रॉस कंट्री आहे (एकट्याने उडत दुसऱ्या विमानतळावर जाऊन परत यायचं) आणि डोकं पार भंजाळलंय. प्रश्न किरकोळ वाटेल, पण क्लबात चार जणांना विचारलं तर पाच उत्तरं मिळाली, म्हणून इथे धागा काढतोय.

आधी चित्र सांगतो. माझे ५२ तास झालेत, विमान सेस्ना १७२एस. जिथे उतरून परत यायचंय ते फील्ड, म्हणजे विमानतळ, अगदी लहान. टॉवर नाही. रेडिओ फ्रीक्वेन्सीवर आपलं आपण बोलत राहायचं, 'डाउनविंड', 'फायनल', म्हणजे उतरायच्या फेरीत मी कुठे आहे ते. कोणी ऐकत असेल तर ऐकेल. रनवे दोन (नावातले आकडे दोन टोकांच्या दिशांचे): ०९/२७ डांबरी, ११०० मीटर, आणि १४/३२ गवताचा, ६२० मीटर. सरांबरोबर तिथे दोनदा उतरलोय, दोन्ही वेळा २७ वर.

बुधवारी संध्याकाळी ब्रीफिंग (उड्डाणाआधीची माहिती) काढलं तर त्या फील्डचे तीन नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचना, निघाले. पहिला असा: बी) म्हणजे सुरुवात, ३ तारीख, ०५००. सी) म्हणजे शेवट, १४ तारीख, १५००, आणि त्याला चिकटून 'ईएसटी'. डी) म्हणजे वेळापत्रक, रोज ०५०० ते १५००. ई) रनवे ०९/२७ कामामुळे बंद. दुसरा म्हणतो २७ चा पापी, म्हणजे उतरताना उतार बरोबर आहे का ते दाखवणारे दिवे, बंद (नाव पापी, काम पुण्याचं, आणि नेमका तोच बंद). तिसरा म्हणतो इंधन मिळणार नाही.

शनिवारी १५ तारीख आहे.

आता घोळ ऐका. फील्डच्या वेबपानावर लिहिलंय, 'डागडुजी पूर्ण, १२ तारखेपासून नेहमीप्रमाणे.' फोन केला तर एका गृहस्थांनी उचलला, मागे ग्राइंडरचा आवाज. म्हणाले, "या हो, कालच एक जण उतरून गेला." क्लबातले एक ज्येष्ठ म्हणाले, "१४ ला संपतोय ना नोटॅम? मग १५ ला कसली काळजी?" आणि माझे नेहमीचे सर रजेवर. त्यांच्या जागी आलेले इन्स्ट्रक्टर म्हणतात, "तू वाच, तू मला सांग, मग मी सही करतो." बरोबरच आहे त्यांचं, पण माझी पंचाईत झालीये.

मी माझ्या परीने जास्तीची काळजी म्हणून पोहोचायची वेळ दुपारी साडेतीनची धरलीये. म्हणजे समजा काम लांबलंच, तरी १५०० नंतर रनवे उघडा असणार.

तर या तिघांपैकी कोणाचं धरायचं? ते 'ईएसटी' काय भानगड आहे? आणि अगदीच ०९/२७ बंद असला तर गवतावर उतरू का? जाणकारांनी कृपया सांगावं. 'सरांना विचार' सोडून काहीही चालेल.

प्रतिसाद १

सोप्पं आहे, फोन करून विचारा की.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

अहो, केलाय. वर लिहिलंय.

प्रतिसाद ३

एक प्रश्न आधी. तुमचं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, किती पुढे किंवा मागे?

प्रतिसाद ४ (धागाकर्ता)

दोन तास पुढे. ... अरे देवा.

प्रतिसाद ५

हं. आलं ना लक्षात? नोटॅममधल्या वेळा यूटीसीत असतात, डी) मधल्यासुद्धा. ०५०० ते १५०० म्हणजे तुमच्याकडे सकाळी सात ते संध्याकाळी पाच. तुम्ही साडेतीनला, म्हणजे १३३० ला, तिथे घिरट्या घालत असता आणि खाली माणसं काम करत असती. यात लाजण्यासारखं काही नाही. हा घोटाळा हजार तासवालेही करतात, फक्त धागा काढत नाहीत.

आता 'ईएसटी'. आयकावच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) पद्धतीत सी) मध्ये नुसती तारीख असेल तर त्या वेळेला नोटॅम आपोआप संपतो. पुढे 'ईएसटी' असेल तर ती वेळ अंदाजे आहे, आणि काढणाऱ्यावर बंधन आहे की त्या वेळेच्या आत एकतर रद्द करणारा नोटॅम काढायचा किंवा बदली नोटॅम काढायचा. 'नोटॅमसी' म्हणजे रद्द, 'नोटॅमआर' म्हणजे बदली. दोन्ही नसेल तर जुना लागू आहे असंच धरायचं. तेव्हा तुमच्या क्लबातल्या ज्येष्ठांना माझा नमस्कार सांगा आणि 'ती तीन अक्षरं वाचली का' एवढं विचारा. १४ तारीख ओलांडली की रनवे उघडतो, असं त्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही.

कोणाचं धरायचं? नोटॅमचं. वेबपान ज्याला वेळ मिळेल तो बदलतो, आणि कित्येकदा ठरलेलं वेळापत्रकच 'झालं' म्हणून लिहून मोकळा होतो. फोन फार उपयोगाचा, पण विचारायचं कोणाला आणि काय, यावर सगळं आहे. "येऊ का?" असं विचारलं तर कोणीही "या" म्हणेल. "नोटॅम रद्द झालाय का, झाला असेल तर त्याचा नंबर काय, आणि काल जो उतरला तो कुठल्या रनवेवर?" असं विचारा. ग्राइंडरवाले गृहस्थ बहुधा हँगरमधले मेकॅनिक असावेत. माणूस भला, पण रनवे त्यांच्या अखत्यारीत नाही.

आणि बुधवारचं ब्रीफिंग शनिवारी चालत नाही. शुक्रवारी रात्री काढा, शनिवारी निघायच्या आधी परत काढा.

प्रतिसाद ६

वरच्यांशी सहमत. थोडी भर घालतो, कारण मी याच्या पलीकडच्या बाजूला उभा असतो. अशाच एका छोट्या फील्डवर देखभालीचं काम बघतो.

लोकांना वाटतं रनवे बंद म्हणजे मोठं काहीतरी चाललंय. बहुतेक वेळा भेगा भरणं असतं. डांबर उन्हाने वाळतं, कडक होतं, तडकतं. भेगेत पाणी शिरतं, खालचा थर पोचट होतो, आणि मग कडेचे खडे सुटायला लागतात. तो खडा प्रोपेलरने वर ओढला की पात्याला खड्डा पडलाच म्हणून समजा. म्हणून आम्ही भेग उकरतो, दाबाच्या हवेने धूळ उडवतो, आत गरम सीलंट ओततो. भेग आतून कोरडी नसेल तर सीलंट धरतच नाही. पावसाची एक सर आली की तो दिवस गेला, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ भेगा सुकायची वाट बघण्यात. 'ईएसटी' का लिहितो, आता कळलं असेल.

माझी एक सवय आहे. उघडायच्या आधी सबंध रनवे पायी चालतो आणि दर थोड्या अंतरावर सीलंटमध्ये अंगठ्याचं नख दाबून बघतो. वळ राहिला तर टायरला चिकटणार. सकाळी घट्ट वाटलेलं दुपारच्या उन्हात परत मऊ झालेलं मी पाहिलंय. त्या दिवशी फोनवर 'आज उघडेल' असं सांगून बसलो होतो, मग सगळ्यांना पुन्हा फोन. तेव्हापासून पायी फेरी होईपर्यंत मी कोणालाही 'या' म्हणत नाही.

सगळ्यात शेवटी रंग. पट्टे पुन्हा मारतो, ओल्या रंगावर काचेचे बारीक मणी पेरतो, म्हणजे उजेड पडला की चमकतात. त्यालाही कोरडा पृष्ठभाग लागतो.

आणि वरून बघताना फुली शोधा. बंद रनवेवर पांढरी फुली असते, टॅक्सीवेवर पिवळी. काही देशांत रनवेवरही पिवळीच वापरतात. आमच्याकडे कापडाची आहे, कडांना वाळूच्या पिशव्या ठेवतो. संध्याकाळी उघडायचं तर गुंडाळून आत. म्हणजे फुली दिसली तर बंद हे नक्की, पण दिसली नाही म्हणून उघडा असं समजू नका. एकदा वाऱ्याने आमची फुली उडून कुंपणाला जाऊन बसली होती.

प्रतिसाद ७

'ओळखीचं फील्ड आहे, बघून घेऊ' म्हणणाऱ्यांसाठी: ७ जुलै २०१७, सॅन फ्रान्सिस्को. रात्रीची वेळ, २८ डावा रनवे बंद. नोटॅम होता, वैमानिकांच्या कागदांतही होता. तरी त्या एअर कॅनडाच्या विमानाने २८ उजव्यालाच डावा समजून त्याच्या शेजारच्या टॅक्सीवेवर उतरायचा रोख धरला, जिथे चार विमानं रांगेत उभी होती. सुमारे ६० फुटांपर्यंत खाली आले आणि मग वर गेले. एक रनवे अंधारात गेला की नेहमीचं चित्र बदलतं आणि डोळे मात्र जुनंच चित्र शोधतात. वैमानिक दोघेही अनुभवी होते.

प्रतिसाद ८

गवताचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी. आकडेच मांडतो.

१७२एस च्या पुस्तकात पूर्ण वजन २५५० पौंड, समुद्रसपाटी, प्रमाण तापमान, वारा शून्य धरला तर ५० फुटांवरून उतरून थांबायला सुमारे १३३५ फूट, त्यातली जमिनीवरची धाव ५७५. कोरड्या गवतासाठी धावेच्या ४५ टक्के वाढवायचे. झाले साधारण १५९५ फूट, म्हणजे ४८६ मीटर. ६२० मध्ये बसलं म्हणून खूश होऊ नका. ब्रिटनचं हवाई वाहतूक प्राधिकरण खासगी वैमानिकांना उतरण्यासाठी १.४३ ने गुणायला सांगतं. झाले ६९५. गेलं बाहेर.

उडताना: ५० फूट उंची गाठायला १६३० फूट, त्यात धाव ९६०, तिच्यावर कोरड्या गवताचे १५ टक्के. एकूण ५४१ मीटर. त्याला १.३३ ने गुणा, ७१९ मीटर. हेही बाहेर.

तुम्ही एकटे असणार, वजन कमी, आकडे थोडे उतरतील, मान्य. पण हे शॉर्ट फील्डचे, म्हणजे आखूड रनवेसाठीच्या खास तंत्राचे, आकडे आहेत, नवीन विमान आणि कसलेला हात धरून काढलेले. मागून वारा असेल तर दर २ नॉटला १० टक्के आणखी. गवत ओलं असेल तर विचारूच नका. इन्स्ट्रक्टर शेजारी असतील तेव्हा गवत जरूर करा, मजा येते. पहिल्या लांबच्या सोलोत नको.

पापीचं फार मनावर घेऊ नका. दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतार बरोबर, एवढंच ते सांगतं. दिवसा व्हीएफआरला, म्हणजे बाहेर बघून उडताना, त्याच्यावाचून अडत नाही. पण तुम्ही २७ वर दोन्ही वेळा पापी बघत उतरला असाल, तर शुक्रवारपर्यंत आपल्याच फील्डवर त्याच्याकडे न बघता चार-पाच लँडिंग मारा.

प्रतिसाद ९

सगळे रनवेवर तुटून पडलेत. तिसरा नोटॅम कोण वाचणार? तिथे इंधन नाही! जाऊन, परत येऊन, वाटेत डायव्हर्ट करून (दुसऱ्याच विमानतळाकडे वळून), शेवटी दिवसाच्या व्हीएफआरचा किमान अर्धा तास शिल्लक राहील एवढं घरूनच भरून निघायचंय. मी तर तास धरतो. आणि टाकी भरली की वजन वाढलं, मग वरचे गवताचे आकडे परत बघा.

प्रतिसाद १० (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. इंधनाच्या नोटॅमवरून माझी नजर खरंच घसरली होती.

आज पुन्हा फोन केला आणि प्रतिसाद ५ मध्ये सांगितलं तसंच विचारलं. गृहस्थ तेच, आणि हो, हँगरमधलेच. काल जो उतरला तो गवतावर! नोटॅम रद्द झालाय का विचारल्यावर म्हणाले, "ते मला नाही ठाऊक, थांबा," आणि व्यवस्थापकांचा नंबर दिला. ते म्हणाले मध्ये पाऊस झाला, थोड्या भेगा राहिल्यात, बदली नोटॅम पाठवतोय. वेबपान कोणी बदललं विचारलं तर नुसते हसले.

इन्स्ट्रक्टरना सगळं मांडून सांगितलं. त्यांनी सही केली, पण दुसऱ्या फील्डसाठी. तिथे दोन डांबरी रनवे आहेत, इंधन आहे, आणि आजच्या ब्रीफिंगमध्ये एकच नोटॅम, कुंपणाजवळच्या क्रेनचा. शनिवारी सकाळी परत बघणार.

प्रतिसाद ११ (धागाकर्ता)

शनिवार रात्र. जाऊन आलो, लँडिंग ठीक झालं, जरा उड्या मारल्या, ते असो.

बदली नोटॅम शुक्रवारी रात्री आला. आता १९ तारीख, १५००, पुन्हा 'ईएसटी'. येताना वाट तशी जवळूनच होती म्हणून ते जुनं फील्ड सर्किटच्या (उतरायच्या फेरीच्या उंचीच्या) बऱ्याच वरून, बाजूने बघितलं. डांबरी रनवेच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या फुल्या स्पष्ट दिसल्या. मधोमध एक पिवळी गाडी उभी, आणि तिच्यापुढे कोणीतरी एकटाच मान खाली घालून हळूहळू चालत होता. प्रतिसाद ६ वाले, तुमची आठवण झाली.

एक शेवटची शंका. बदली नोटॅममध्ये पापीचा आणि इंधनाचा उल्लेखच नाही. मग ते दोन्ही उडाले का?

प्रतिसाद १२

नाही. नोटॅमआर मध्ये ज्याचा नंबर लिहिलाय तेवढाच गेला. बाकी दोघांचे नंबर वेगळे, मुदत वेगळी. त्यांचा सी) उघडून बघा.