आरएनएला खिसाच नसतो तर जेंटामायसिन बसतं कुठं?

मायक्रोवाला_२४
एमएस्सी मायक्रो चालूय. पेनिसिलिन एन्झाइमच्या अ‍ॅक्टिव्ह साइटमध्ये, म्हणजे त्याच्या खिशात, जाऊन बसतं हे समजतं. पण जेंटामायसिन हे अँटिबायोटिक थेट रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएला चिकटतं एवढं सांगून सर पुढच्या स्लाइडवर गेले. आरएनए म्हणजे चार अक्षरांची (ए, जी, सी, यू) साखळी, वर सगळीकडं निगेटिव्ह चार्ज, मग औषध नेमकं एकाच जागी कसं बसतं? आणि रायबोसोम तर आपल्याही पेशीत आहेत, मग आपल्याला काही कसं होत नाही?

रेण्वीय_रिकामटेकडा
साखळी सरळ असते हे आधी डोक्यातून काढ. ती स्वतःवरच दुमडते, जोड्या जुळल्या तिथं दांडा होतो, नाही जुळल्या तिथं फुगवटा राहतो आणि औषधाला जागा मिळते ती बहुतेक वेळा अशा फुगवट्यात. जेंटामायसिनची जागा रायबोसोमच्या लहान भागातल्या १६एस आरएनएच्या ४४ नंबरच्या दांड्यात (हेलिक्स ४४) आहे, तिला ए साइट म्हणतात. चार्जचं म्हणशील तर तोच तर फायद्याचा, कारण या औषधांवर अमिनो ग्रुप असतात, ते पॉझिटिव्ह, म्हणून आरएनएकडं ओढले जातात. पण नुसत्या ओढीनं कुठंही चिकटले असते, नेमकेपणा येतो तो आकारातून आणि हायड्रोजन बाँडमधून.

खरी गंमत पुढंय. तिथले १४९२ आणि १४९३ नंबरचे दोन ए एरवी आत वळलेले असतात, अमिनो आम्ल घेऊन येणारा योग्य टीआरएनए आला की बाहेर येऊन तो कोडॉनशी (त्या आम्लाच्या तीन अक्षरी कोडशी) जुळतोय का ते तपासतात. औषध बसलं की दोघं आधीच बाहेर! म्हणजे तिकीट न बघताच टीसी सगळ्यांना आत सोडतोय. चुकीची अमिनो आम्लं लागतात, प्रोटीन बिघडतात, त्यातली काही मेम्ब्रेनमध्ये घुसून तीही गळकी करतात. २००० साली त्या लहान भागाच्या (३०एस) क्रिस्टल स्ट्रक्चरमध्ये हे दिसलं, व्यंकी रामकृष्णन यांचा ग्रुप, २००९ च्या नोबेलमध्ये तेही होते.

कानवाली_डॉक्टर
दुसरा प्रश्न राहिला की. बॅक्टेरियात याच जागेत १४०८ नंबरला ए असतो, आपल्या पेशीतल्या मुख्य रायबोसोममध्ये त्या जागी जी. एवढ्याशा फरकानं जेंटामायसिन तिथं नीट बसत नाही. पण "काही कसं होत नाही" असं म्हणू नकोस, कारण पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे रायबोसोम वेगळे, तिथं बॅक्टेरियासारखा ए-च आहे. काही घराण्यांत मायटोकॉन्ड्रियात दुसऱ्याच एका नंबरला, १५५५ ला, ए चा जी झालेला असतो, त्यानं औषधाची जागा बॅक्टेरियाच्या आणखी जवळ जाते आणि अशा माणसाला थोड्या डोसनंही कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. हे आईकडूनच येतं, म्हणून मामा, मावशी, आजी यांच्यात इंजेक्शननंतर कुणाचं ऐकू गेलंय का हे मी विचारतेच. बदल नसला तरी डोस जास्त झाला की कान आणि किडनी दोन्ही धोक्यात, ते वेगळं.

मायक्रोवाला_२४
थँक्यू मॅडम, हे सरांनी सांगितलंच नव्हतं. पण मग याच गटातलं पॅरोमोमायसिन काळा आजाराला कसं चालतं? त्याचा परजीवी लीशमॅनिया तर युकॅरिओट, म्हणजे आपल्यासारखी केंद्रकवाली पेशी, त्याच्यातही जी असणार ना?

रेण्वीय_रिकामटेकडा
भारी पकडलंस. जेंटामायसिनच्या मुख्य रूपांत पहिल्या रिंगवर ६' ला अमिनो ग्रुप आहे, पॅरोमोमायसिनमध्ये तिथं हायड्रॉक्सिल. हायड्रॉक्सिलवालं जी बरोबरही बऱ्यापैकी जमवून घेतं. २००६ मध्ये आपल्याकडं काळा आजारासाठी मान्यताही मिळाली, बिहारमध्ये चाचण्या झाल्या होत्या. सगळा खेळ एका ग्रुपचा. थिओफिलिन (दम्याचं औषध) ओळखणारा आरएनए लॅबमध्ये बनवलाय, १९९४ चं काम, त्याला कॅफिन जवळजवळ चालतच नाही, दहा हजारपट कमी चिकटतं आणि दोघांत फरक फक्त एका मिथाइलचा.

मायक्रोवाला_२४
मग बॅक्टेरिया रेझिस्टंट होतात ते १४०८ चा हाच ए बदलून का?

कानवाली_डॉक्टर
कधी कधी, पण रायबोसोमल आरएनएच्या जीनच्या कॉपी बॅक्टेरियात बऱ्याचदा अनेक असतात, एक बदलून भागत नाही. त्यापेक्षा सोपं म्हणजे आर्मएसारखं एन्झाइम, ते १४०५ च्या जी वर मिथाइल लावून ठेवतं, जेंटामायसिन आणि त्याच गटातलं अमिकासिन दोन्ही बाद. आणि ते जीन प्लास्मिडवरून (बॅक्टेरिया एकमेकांना देतात त्या डीएनएच्या छोट्या कड्यावरून) फिरतं, एनडीएमच्या (कार्बापेनेम अँटिबायोटिक मोडणाऱ्या एन्झाइमच्या) सोबतही सापडतं. वॉर्डात डोकं धरायला लावतं ते हेच.