उंचावरच्या मक्यावर लष्करी अळी कमी का?

प्रश्न : समुद्रसपाटीपासून उंचावरील मक्यावर लष्करी अळीचा उपद्रव सखल भागातल्यापेक्षा कमी दिसतो, तो थंडीमुळे की पावसामुळे?

पहिले उत्तर : मुख्यतः तापमानामुळे. दर १००० मीटर उंचीला हवा साधारण ६ अंशांनी थंड होते; उष्ण हवेत महिनाभरात पूर्ण होणारे या किडीचे जीवनचक्र गारठ्यात दोन-तीन महिने रेंगाळते आणि पिढ्या घटतात.

दुसरे उत्तर : पावसाला इतके दुय्यम मानू नये. जोरदार सरींनी पोंग्यात (शेंड्याकडच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) पाणी साचले की लहान अळ्या बुडून मरतात. मात्र पोंग्यात भुशासारखी ओली विष्ठा दिसली, तर आत मोठी अळी शाबूत आहे असे समजावे.

तिसरे उत्तर : उंचीने मक्याची सगळ्याच किडींपासून सुटका होतेच असे नाही. पूर्व आफ्रिकेत ठिपकेदार खोडकिडा मुख्यतः सखल, उष्ण भागात आढळतो, तर थंड पठारांवर बुसिओला हा निराळाच खोडकिडा वरचढ ठरतो, ज्याची अळी कोरडा हंगाम वाळक्या धाटांत सुप्तावस्थेत काढते.